दिल्लीत बालपण नसतं म्हणणाऱ्यांना

पुण्याहून, नागपूरहून, मुंबईहून बदली होऊन दिल्लीत आलेल्या मराठी घरांत एक वाक्य फार ऐकू येतं. "इथे मुलांना बालपणच नाही." ते इतक्या सवयीनं म्हटलं जातं की कुणी तपासून पाहत नाही. त्यामागची कारणं सगळ्यांना पाठ असतात. हिवाळ्यात विषारी हवा, उन्हाळ्यात लू, कुठेही जायचं तर तासाचा प्रवास, आजी-आजोबा दूर, शेजारी आपली भाषा न बोलणारे. त्यावरचा उपायही ठरलेला असतो. शनिवारी चित्रकलेचा क्लास, रविवारी रोबोटिक्स, उरलेल्या वेळात मॉलमधली पैसे भरून उड्या मारायची जागा. मुलांच्या हाताला काम आणि मनाला आनंद हवा असेल तर या शहरात तो विकतच घ्यावा लागतो, असं सगळे धरून चाललेले असतात.

कारणं बरीचशी खरी आहेत. निष्कर्ष मात्र चुकीचा आहे आणि घातकही आहे. तो एकदा मान्य केला की आईबापांची जबाबदारी संपते आणि शहराचीही.

सर्वांत जड आक्षेप हवेचा, म्हणून तो आधी घेते. नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्लीत शाळा बंद करून वर्ग ऑनलाइन घ्यावे लागले. तशा दिवसांत कुणी "मुलांना बागेत न्या" असं सांगू लागला तर मी त्याचं ऐकणार नाही, आणि कुणी ऐकूही नये. ऑक्टोबरच्या अखेरीपासून जानेवारीपर्यंतचे कित्येक दिवस या शहरात मूल दाराबाहेर काढण्यासारखे नसतात. ती हवा सुधारायची तर ते काम सरकारांकडून करून घ्यावं लागेल. घरात कागदाच्या होड्या करून ते होणार नाही. पण वर्ष बारा महिन्यांचं असतं. जुलै ते सप्टेंबर पावसानं धुतलेली हवा असते. फेब्रुवारी-मार्चमधली दिल्ली पाहिलेला माणूस या शहराला निसर्ग नाही असं म्हणूच शकत नाही. निष्पर्ण सावरीवर लाल फुलं फुटतात, त्यावर मैनांची आणि शिंजिरांची झुंबड उडते, आणि एप्रिलमध्ये त्याच झाडांचा कापूस रस्त्यावरून वाहत येतो. तो मुठीत गोळा करून बाहुलीची उशी भरायला कुठलंही शुल्क लागत नाही. अडीच-तीन महिन्यांच्या विषाचा दाखला देऊन उरलेले नऊ महिने मुलांना काचेआड ठेवायचे, हा हवेवरचा राग नाही. ती आपल्याला लागलेली सवय आहे.

अंतराच्या तक्रारीचंही तसंच. यमुनेकाठच्या ओखला पक्षी अभयारण्याचंच नाव मेट्रोच्या एका स्थानकाला आहे. दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयातल्या तळ्यांवर दरवर्षी पावसाळ्याच्या शेवटी रानातले, कुणी न पाळलेले चित्रबलाक येतात, झाडांवर घरटी बांधतात, पिलं वाढवतात. पिंजऱ्यातला वाघ बघून लोक परततात आणि डोक्यावर चाललेला हा संसार बघायचा राहून जातो. उषा गांगुली यांचं दिल्ली परिसरातल्या पक्ष्यांवरचं पुस्तक १९७५ मध्ये आलं, प्रदीप कृष्ण यांचं दिल्लीच्या झाडांवरचं पुस्तक २००६ मध्ये. ही पुस्तकं लिहिणाऱ्यांनी हेच शहर, हेच रस्ते पाहिले होते. ज्या रस्त्यांवरून आपण गाडीच्या काचा वर करून जातो, त्यांच्या कडेची जांभळं, अर्जुन, चिंचा त्यांनी एकेक करून ओळखल्या. जुलैत नवी दिल्लीतल्या जांभळांखाली चादरी पसरून फांद्या हलवणारी माणसं दिसतात. तिथं पाच मिनिटं थांबून जांभळानं निळी झालेली जीभ एकमेकांना दाखवणं, हे बालपण नाही तर काय आहे?

आता उन्हाळा. दिल्लीचा मे महिना हा मराठी घराला मिळालेला सर्वांत मोठा लाभ आहे, असं मी पूर्ण गांभीर्यानं म्हणते. मुंबईच्या दमट हवेत कुरडया वाळवणाऱ्या बाईला विचारा. चार-चार दिवस ताटं आत-बाहेर करावी लागतात. दिल्लीचं कोरडं, कडकडीत ऊन तेच काम एक-दोन दिवसांत करतं. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून चीक काढायचा, तो हाटत हाटत शिजवायचा आणि सकाळी ऊन चढण्याआधी गच्चीवर सोऱ्यातून कुरडया पाडायच्या. यातल्या एकेका पायरीवर मुलाला काम आहे. पाणी बदलताना वासावरून गहू किती आंबले ते ओळखायचं. गरम चिकात मीठ-तूप घालून पहिली वाटी आपण खायची. प्लास्टिकच्या कागदाच्या कडांवर दगड ठेवायचे, कावळे हाकलायचे. आणि दिल्लीत आणखी एक काम असतं, ते महाराष्ट्रात नसतं. पश्चिमेला आभाळ पिवळं दिसू लागलं की धुळीची आंधी येते आहे हे सांगायचं, मग घरातल्या सगळ्यांनी धावत जाऊन कोपरे धरून सगळं वाळवण उचलायचं. त्या धावपळीत जो ओरडा, जो हशा होतो तो कुठल्याही उन्हाळी शिबिरात मिळत नाही. शिवाय मुलाच्या हातून वाकडी पडलेली कुरडईसुद्धा तळल्यावर फुलते आणि पानात येते. आपण केलेलं घरातले सगळे खातात, याहून मोठी शाबासकी मुलाला हवी असते असं मला वाटत नाही.

क्लासवाल्यांशी माझा वाद इथे आहे. गुरूसमोर बसून तबला शिकावा, रेषेवर हात बसावा म्हणून चित्रकला शिकावी, याला विरोध करण्याचं कारण नाही. शिस्तीनं शिकायच्या गोष्टी शिस्तीनंच शिकाव्यात. पण "सर्जनशीलता" नावाचा जो माल आज नोएडा-गुरुग्रामच्या सोसायट्यांत खपतो, त्यात मूल काय करतं ते बघा. डबा उघडायचा, आधीच कापलेले तुकडे काढायचे, दाखवलेल्या जागी चिकटवायचे, वरच्या चित्राशी जुळलं की टाळ्या. काय तयार होणार हे आधीच ठरलेलं, काय बिघडू शकतं हेही ठरलेलं. घरी आल्यावर ती वस्तू आठवडाभर टीव्हीवर राहते आणि मग जाते. तिची घरात कुणालाच गरज नव्हती. मुलाला हे कळतं, पटकन कळतं.

ताराबाई मोडकांनी हा प्रश्न फार आधी सोडवला होता. १९४५ मध्ये बोर्डीला त्यांनी अनुताई वाघांना सोबत घेऊन ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा माँटेसरीची महागडी साधनं तिथं परवडणार नव्हती. मग शंख-शिंपले, बिया, पानं, खडे हीच साधनं झाली. मुलांनी मोजायचं त्यांच्यावर, रचायचं त्यांतूनच, रंग ओळखायचे त्यांवरूनच. मुलं शाळेत येत नसतील तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची, हा विचार तिथला. आज तोच वसा सांगणारे आपण मुलाला अंगणातून उचलून वातानुकूलित खोलीत नेतो आणि त्याचे पैसे भरतो.

आणि पैशाचाच विषय निघाला म्हणून दिल्लीचं एक ऋण मान्य करायलाच हवं. मुलांच्या हाताला काम देण्याची मोठी सार्वजनिक परंपरा याच शहरात उभी राहिली. राष्ट्रीय बालभवन १९५६ मध्ये सुरू झालं. व्यंगचित्रकार शंकर यांनी १९५७ मध्ये चिल्ड्रन्स बुक ट्रस्ट स्थापला आणि १९६५ मध्ये बाहुल्यांचं आंतरराष्ट्रीय संग्रहालय उघडलं. कोटला मार्गावर बालभवन, जवळच बहादूरशाह जफर मार्गावर ते संग्रहालय. इथे राहून मुलांना आनंद विकतच घ्यावा लागतो म्हणणाऱ्या किती जणांनी ही दोन ठिकाणं मुलांना दाखवली आहेत?

शेजारी परके, ही तक्रार मला सर्वांत जास्त खटकते, कारण ती आपल्याच आळसातून येते. नवरात्रात आपण भोंडला करतो. पाटावर हत्ती, भोवती फेर, गाणी, आणि शेवटी खिरापत ओळखायची. हरियाणात आणि दिल्लीच्या जुन्या गावांमध्ये याच नऊ दिवसांत मुली सांझी करतात. मातीचे तारे, चंद्र, दागिने थापून वाळवायचे, रंगवायचे, भिंतीवर शेणानं चिकटवून देवी उभी करायची, रोज संध्याकाळी तिच्यापुढे गाणी म्हणायची आणि दसऱ्याला पाण्यात सोडायची. तेच नऊ दिवस, तशीच मुलींची गाणी, तसाच संध्याकाळचा प्रसाद. माझ्या ओळखीतल्या कित्येक मराठी घरांत कामाला येणाऱ्या बाया हरियाणातल्या खेड्यांतून आलेल्या आहेत, लहानपणी त्यांनी सांझी मांडलेली आहे. त्यांना विचारलं तर त्या मातीचे तारे कसे थापायचे ते आपल्या मुलींना दाखवतील आणि त्यांच्या मुली आपल्या भोंडल्यात फेर धरतील. आपण मात्र मंडळाचा भोंडला सभागृहात करतो, ध्वनिक्षेपकावर गाणी लावतो, उत्कृष्ट वेशभूषेला बक्षीस देतो, आणि मग म्हणतो की इथे आपलं कुणी नाही.

आता तो आक्षेप, जो माझ्या मते सर्वांत प्रामाणिक आहे आणि ज्याला उत्तर न देता पुढे जाणं चूक ठरेल. मैत्रिणी म्हणतात, "हे सगळं ऐकायला छान आहे, पण कुरडयांचा चीक हाटणार कोण? आनंद मुलांचा, कौतुक नवऱ्याचं, आणि पाठ मोडते आईची." त्यांचं म्हणणं आकड्यांनीही सिद्ध होतं. २०२४ च्या राष्ट्रीय कालवापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसातला विनामोबदला घरकामाचा वेळ २८९ मिनिटं निघाला. घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ८८. यात जे पुरुष घरकामाला हातच लावत नाहीत ते धरलेलेच नाहीत.

बायकांच्या या ओझ्याचा विषय याच शहराशी आणखी एका धाग्यानं जोडलेला आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये दिल्लीच्या तालकटोरा स्टेडियममध्ये ९८ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं आणि अध्यक्षस्थानी ताराबाई भवाळकर होत्या. लोकसाहित्यात बायकांनी काय रचलं याचा शोध घेण्यात त्यांनी आयुष्य घातलं. जात्यावरची ओवी हे घरातल्या निर्मितीचं आपल्याकडचं सर्वांत थोर उदाहरण आहे, आणि तेच आपल्याला सावधही करतं. बाई पहाटे उठून दळत होती ती हौसेनं नव्हे. दळणाचं ओझं होतं, त्या ओझ्यातून तिनं स्वतःपुरती जागा काढली आणि तिथं ओवी आली. ओवी सुंदर आहे म्हणून दळण न्याय्य ठरत नाही. तसंच, घरात मुलांच्या हातून काही घडतं ते सुंदर आहे म्हणून आईचे पाच तास न्याय्य ठरत नाहीत.

म्हणून माझं म्हणणं असं की हा आनंद आईनं मुलांसाठी आखलेला कार्यक्रम असेल तर तो नको. तिच्या कामांच्या यादीत आणखी एक काम वाढवून कुठलंही बालपण फुलत नाही. घरातलं काम सगळ्यांनी मिळून करायचं, आणि निर्मिती त्या कामातच असायची. चीक हाटायला वडिलांचे दंड लागतात. तो प्रकार जड आहे, माझ्या आईच्या काळीही जड होता. सोऱ्या दाबायला मुलगा हवा, भांडी घासायलाही तोच हवा. रविवारी सकाळी मुलांना बाहेर नेणं हे वडिलांचं काम ठरलं तर आईला दोन तास मिळतात. त्या दोन तासांत ती वाचेल, झोपेल, की स्वतःची पेटी काढून बसेल, ते तिनं ठरवावं. ज्या घरात पुरुष हे करायला तयार नाही, तिथं मी बाईला वाळवण घाल असं सांगणार नाही. तिनं विकतच्या कुरडया आणाव्यात आणि झोपावं.

हिवाळ्यातल्या त्या वाईट दिवसांचं काय, हा प्रश्न उरतो. दारं-खिडक्या बंद, शाळा पडद्यावर. अशा दिवसांसाठी आपल्याकडे एक गोष्ट आहे, ती दिल्लीत विसरली जाते आहे. संक्रांतीचा हलवा. मंद आचेवर परात, त्यात तीळ किंवा खसखस, आणि चमच्या-चमच्यानं पाक सोडत हातानं सारखं फिरवत राहायचं. दिवसाला थोडं थोडं, कित्येक दिवस. थंडीत हलव्याला काटा छान येतो, आणि थंडी म्हणजे दिल्लीचा जानेवारीच. मग त्याचे दागिने: दोऱ्यात ओवलेले हार, बाजूबंद, मुकुट, नव्या सुनेला आणि घरातल्या तान्ह्या बाळाला. घरात पाहुणा येणार असेल तर त्याच्या मापाचा हार करायचा. दाणा दाणा मोठा होत जाण्याचं हे काम मुलं ज्या एकाग्रतेनं बघतात, करतात, ती एकाग्रता विकत घेण्यासाठी आईबाप हजारो रुपये भरत असतात. आणि बंद दारांआड नुसतं पाहण्यासारखंही काही असतंच. लेखक काका कालेलकरांनी साबरमतीच्या तुरुंगात भिंतींच्या आत पाहिलेल्या मुंग्यांवर, खारींवर, कावळ्यांवर, आभाळावर एक अख्खं पुस्तक लिहिलं. पुढे तेच काकासाहेब दिल्लीत राजघाटाजवळ कित्येक वर्षं राहिले. चार भिंतींत अडकलेल्या दिवसातही पाहण्यासारखं पुष्कळ असतं, एवढं त्यांच्यामुळे मला ठामपणे म्हणता येतं. तुरुंगात टाकणाऱ्यांना त्यामुळे माफी मिळत नाही. हवा बिघडवणाऱ्यांनाही मिळू नये.

शेवटचा मुद्दा मात्र घरातला नाही, आणि तो सांगितल्याशिवाय हा लेख अपुरा राहील. गच्चीवर वाळवण घाला म्हणणं सोपं आहे. दिल्ली-नोएडा-गुरुग्रामच्या किती इमारतींत गच्चीला कुलूप असतं? किती बागांच्या दारावर "चेंडू खेळण्यास मनाई" असा फलक असतो? हिरवळ बघायची, तिच्यावर बसायचं नाही. सोसायटीत मुलांनी खडूनं फरशीवर चित्र काढलं तर सूचना निघते. दिवाळीत मुलं किल्ला करायला माती आणतात तेव्हा रखवालदार येऊन म्हणतो, "मॅडम, मिट्टी मत फैलाओ, कंप्लेंट हो जाएगी." त्याची चूक नाही. तक्रार करणारी माणसं आपल्यातलीच असतात, आणि तीच संध्याकाळी म्हणतात की मुलं मोबाइलमधून डोकं काढत नाहीत.

मुलांच्या खेळण्याच्या आणि सांस्कृतिक जीवनात भाग घेण्याच्या हक्काला संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेच्या ३१ व्या कलमात जागा आहे. भारतानं ती १९९२ मध्ये स्वीकारली. इतक्या लांब जायचीही गरज नाही. गुरुग्रामला अरावली जैवविविधता उद्यान आहे. जिथं खाणी होत्या, उजाड खडक होता, तिथं २०१० पासून नागरिकांनी आणि शाळकरी मुलांनी स्थानिक झाडं लावून जंगल उभं केलं. शेकडो एकरांच्या खाणीचं जर हे होऊ शकतं, तर सोसायटीच्या मागच्या कोपऱ्यात दहा बाय दहा फुटांची माती का मिळू नये?

माती मिळण्याची सोयही इथे आहे. उत्तम नगरच्या कुंभारवस्तीतून पोतंभर माती सहज आणता येते. किल्ला करायचा तर पाहायलाही किल्ला आहे. तुघलकाबादच्या उताराच्या भिंती, समोर एके काळी तळ्यात उभी असलेली आणि पुलानं किल्ल्याशी जोडलेली गियासुद्दीनची कबर. एका सकाळी मुलांना तिथं न्या, तटाची जाडी हातानं मोजू द्या, मग घरी येऊन त्यांना रायगड करू द्या नाहीतर तुघलकाबाद, बुरूज कुठे हवा आणि पाणी कुठे साठवायचं यावर भांडू द्या, मोहरी पेरू द्या. इमारतीतली पंजाबी, बंगाली, मल्याळी मुलं न बोलावता येतील. त्यासाठी कुणीतरी सोसायटीच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत उभं राहून तो मातीचा कोपरा आणि गच्चीची किल्ली मागायला हवी. कार्यसूचीत विषय घालायला सही लागते, दोन-चार शेजाऱ्यांचा पाठिंबा लागतो. दिवाळीच्या आत ते करायचं तर सभेची तारीख आजच पाहून ठेवावी लागेल.